सापळ्याचं झाकण उघडण्याआधी : मिशिगन आणि ऑन्टारियोतल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

डेट्रॉइट, लान्सिंग, ग्रँड रॅपिड्स, टोरांटो, सू सेंट मरी आणि या पाच मोठ्या सरोवरांच्या काठाकाठानं राहणाऱ्या सगळ्या मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यातल्या लाँग वीकेंडची सकाळ होती. साडेसहा वाजले असतील. मी इथे नदीतल्या सापळ्यांच्या चाचण्या घेणाऱ्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करते. नदीत उतरायला छातीपर्यंतची रबरी विजार चढवत होते, तेवढ्यात पुलाखालून आवाज आला, "बाबा, यात साप आहेत!" इतक्या उत्तरेला, पाइनच्या जंगलात अवचित मराठी कानावर पडली की जीव कसा गलबलतो, ते तुम्हांला सांगायला नको. मी लगबगीनं खाली गेले. तोवर एका दादांनी सापळ्याचं झाकण उचललं होतं आणि पिंजरा कलता करून आतले सगळे जीव वरच्या अंगाला पाण्यात सोडून दिले होते. लेकीला सांगत होते, "बघ, गेले बिचारे आपल्या घरी."

माणसं अतिशय सज्जन. काय झालंय ते कळल्यावर दादांचा चेहरा उतरला. वहिनींनी थर्मासमधला चहा दिला. मी त्यांना समजवायला गेले, पण या कामाचे सगळे शब्द माझ्या डोक्यात इंग्रजीत साठलेले. मराठीत दोन वाक्यांच्या पुढे जाता येईना. ती मंडळी ओशाळून निघून गेली आणि माझ्या मनाला ते लागून राहिलं. त्या दिवशी जे सांगायचं राहिलं, ते आज सगळ्यांनाच सांगते आहे.

त्या पिंजऱ्यात साप नव्हते. ते समुद्री लॅम्प्री होते. दिसायला आपल्या वामेसारखे, हातभर लांब, करड्या-पिवळ्या अंगावर काळसर ठिपके. फरक तोंडात. या प्राण्याला जबडाच नाही. तोंड म्हणजे एक गोल वाटी, आत कडेपासून मध्यापर्यंत पिवळ्या दातांची वर्तुळं आणि मधोमध कानशीसारखी जीभ. मोठ्या माशाच्या कुशीला ही वाटी चिकटवायची, जिभेनं खवलं आणि कातडी खरवडायची आणि रक्त पीत राहायचं. सरोवरात तो वर्ष-दीड वर्ष असा जगतो आणि तेवढ्या काळात एकटा एक लॅम्प्री १८ किलोपर्यंत मासे मारू शकतो.

मूळचा तो अटलांटिकचा. तिथल्या माशांशी त्याचं हजारो वर्षांचं जमलेलं गणित आहे. इकडे वर यायला त्याला नायगारा धबधब्याची आडकाठी होती. माणसानं जहाजांसाठी वेलँड कालवा खणला, पुढे १९१९ च्या सुमारास तो रुंद-खोल केला आणि ती आडकाठी संपली. १९२१ मध्ये लॅम्प्री ईरी सरोवरात सापडला, १९३६ मध्ये मिशिगन सरोवरात, १९३७ मध्ये ह्युरॉनमध्ये आणि १९३८ मध्ये सुपिरियरमध्ये. सतरा वर्षांत चार सरोवरं. वरच्या सरोवरांत त्याआधी वर्षाला सुमारे दीड कोटी पौंड लेक ट्राउट पकडला जायचा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हा आकडा ३ लाख पौंडांवर आला. जास्तीची मासेमारी हेही एक कारण होतं, ते नाकारता येत नाही, पण कंबरडं मोडलं ते लॅम्प्रीनं. आज तुम्ही लडिंग्टनला किंवा मॅकिनॉला सुट्टीत जाता, बोटीतून मासे धरता, संध्याकाळी काठावरच्या हॉटेलात व्हाइटफिश खाता. हे सगळं टिकलं आहे, कारण कोणीतरी दर वर्षी न चुकता या प्राण्याला आटोक्यात ठेवतं.

ते काम करते ग्रेट लेक्स फिशरी कमिशन ही संस्था. अमेरिका आणि कॅनडा यांच्या १९५४ च्या करारातून ती उभी राहिली. मुख्य हत्यार आहे टीएफएम नावाचं औषध. व्हर्नन ॲपलगेट या शास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्युरॉन सरोवराकाठच्या हॅमंड बे केंद्रात हजारो रसायनं एकेक करून बरण्यांत तपासली, बरणीत लॅम्प्रीची पिल्लं आणि सोबत ट्राउट. पिल्लं मरतील आणि ट्राउट जगेल असं काहीतरी त्यांना हवं होतं. ते सापडलं आणि १९५८ पासून नद्यांत वापरात आलं. त्यानंतर लॅम्प्रीची संख्या बहुतेक ठिकाणी नव्वद टक्क्यांनी उतरली. या लोकांविषयी माझ्या मनात फार आदर आहे.

मग औषध आहे तर सापळे कशाला, असं दादांनी त्या दिवशी विचारलंच होतं. प्रश्न अगदी रास्त आहे.

एक तर औषध सगळीकडे पुरत नाही. सेंट मेरीज नदीचं पात्र इतकं अवाढव्य आहे की ती अख्खी औषधानं भरणं परवडणारंच नाही. तिथे तळाशी बसणारं दाणेदार औषध ठरावीक जागी टाकतात आणि जोडीला सापळे लावतात. १९९७ ते २०११ या काळात सापळ्यात धरलेल्या नरांना वांझ करून परत सोडायचा प्रयोगही तिथे चालला. दुसरं, औषध निवडक असलं तरी ते विषच आहे. स्टर्जन या माशाच्या अगदी लहान पिल्लांना ते बाधू शकतं, म्हणून त्यांच्या नद्यांत वेळ आणि मात्रा सांभाळावी लागते. आणि तिसरं, एकाच औषधावर सत्तर वर्षं भिस्त ठेवायची हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही पटणार नाही. एकच फवारणी पिढ्यान्‌पिढ्या मारत राहिलं की काय होतं, ते आपण कापसावर पाहिलं आहे.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याविषयी लोक कमी बोलतात. निम्म्याहून जास्त काम तर जुनी धरणं करतात. लॅम्प्रीला उडी मारता येत नाही. फूट-दीड फुटाची उभी भिंत आली की तो थांबतो. शंभर-शंभर वर्षांपूर्वीच्या या भिंती आता खचत चालल्या आहेत. मॅनिस्टिक नदीवरचं जुनं धरण गळायला लागलं आणि ती नदी लॅम्प्रीचं माहेरघर झाली. धरण पाडावं तर लॅम्प्री वर जाणार, ठेवावं तर आपल्याच नदीचे सकर, वॉलाय, स्टर्जन खालीच अडकणार, कारण यांतल्या कोणालाही भिंत ओलांडता येत नाही. या पेचातून सुटायचं तर एकाला धरणारा आणि बाकीच्यांना जाऊ देणारा सापळा हवा. तो अजून कोणाकडे तयार नाही. म्हणून चाचण्या.

इथे मला माझ्या आजोबांची आठवण येते. माझं माहेर चिपळूणजवळचं. मृगाचा पाऊस लागला, पऱ्हे भरून वाहू लागले की चढणीचे मासे यायचे. आजोबा बांधाच्या सांडीत बांबूच्या कामट्यांचा सापळा बसवायचे, तोंड खालच्या अंगाला. आम्ही पोरं मध्यधारेकडे बोट दाखवायचो, तर ते म्हणायचे, "मासा मधून नाय चढत. तो कडेकडेनं येतो, दमला की दगडाआड थांबतो. आपण त्याच्या वाटेत बसायचं." आज मी इथे ज्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करते, तेही नेमकं हेच शोधत असतात, फक्त पाण्याखालचे कॅमेरे आणि माशांच्या पोटात बसवलेल्या खुणा घेऊन. पण आजोबांच्या सापळ्यात येईल ते सगळं यायचं, अंड्यांनी फुगलेल्या माद्यांसकट. चढणीचे मासे आता आमच्याकडे कमी झाले म्हणून गावातली माणसं हळहळतात, त्यामागची कारणं अनेक असतील, पण त्या सापळ्याला निवड नव्हती हेही खरं. इथला सगळा खटाटोप निवडीसाठी आहे.

आता चाचणी कशी असते ते सांगते, म्हणजे झाकण उघडल्यानं काय बिघडलं ते लक्षात येईल.

सापळ्यात किती लॅम्प्री आले एवढं मोजणं म्हणजे चाचणी नाही. पिंजऱ्यात पाचशे आले, पण नदीत पाच हजार चढले असतील तर त्या पाचशेंना काय अर्थ? म्हणून आधी काही लॅम्प्री धरतात, प्रत्येकाच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी काचेची खूण बसवतात आणि त्यांना सापळ्याच्या बऱ्याच खाली नेऊन सोडतात. प्रत्येक दाण्याला स्वतःचा आकडा. नदीच्या तळाला तारेची वेटोळी असतात, त्यावरून मासा गेला की आकडा आणि वेळ नोंदली जाते. समजा शंभर सोडले. त्यातले किती सापळ्यापर्यंत आले, किती तोंडाशी घुटमळून परत फिरले, किती आत शिरले, शिरलेल्यांतले किती पुन्हा निसटले, हे सगळं वेगवेगळं मोजायचं. सेंट मेरीज नदीत असं दिसलं की बरेच लॅम्प्री सापळ्याच्या दारापर्यंत येतात, पण आत पाऊल टाकत नाहीत. एकदा आत गेलेला मात्र सहसा सुटत नाही. म्हणजे पिंजरा मजबूत करून उपयोग नाही, दार सुधारायला हवं. मोजलं नसतं तर वर्षानुवर्षं चुकीच्या बाजूला खर्च होत राहिला असता.

त्या सकाळी दादांनी सोडलेल्यांत खुणेचे किती होते, ते मला कधीच कळणार नाही. ते सापळ्यात आले होते, पण कागदावर ते "न सापडलेले" म्हणून लागले असते. चांगला सापळा वाईट ठरला असता. आम्हांला ती अख्खी रात्र हिशोबातून बाद करावी लागली. आणि लॅम्प्रीची चढण वर्षातून एकदाच, वसंतात पाणी दहा अंशांच्या पुढे गेलं की सुरू होते आणि काही आठवड्यांत आटोपते. त्यातही थंडी, पूर, पुरात वाहून आलेले ओंडके यांत कित्येक रात्री जातात. हाताशी उरलेल्या रात्रींतली प्रत्येक रात्र मोलाची असते.

या चाचण्यांनी आजवर काय दिलं? मला सगळ्यांत जास्त उमेद देणारं काम २०१६ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये छापून आलं. लहान, धरण नसलेल्या ओढ्यात हलवता येण्याजोगा सापळा आणि त्याच्याकडे तिरकं नेणारं विजेचं हलकं, तुटक कुंपण. भिंत नाही, जाळी नाही. लॅम्प्री विजेला बिचकतो, कडेनं सरकतो आणि सापळ्याच्या दाराशी येतो. आजोबांचंच तंत्र, वाटेत बसायचं. खुणा केलेल्यांपैकी ७५ टक्क्यांपर्यंत लॅम्प्री त्यात सापडले. लॅम्प्री रात्रीचा चढतो, म्हणून वीज रात्रीचे फक्त सात तास चालू ठेवावी लागली आणि बाकी माशांना दिवसभर वाट मोकळी राहिली. चाळीसच्या दशकात याच भागात लोकांनी नद्यांवर पिंजऱ्यांचे बांध आणि पुढे विजेचे अडसर बसवले होते, ते पुरात वाहून जायचे आणि इतर मासेही मरायचे. तिथून इथवर यायला सत्तर वर्षं लागली.

गंधाचं कामही असंच आहे. लॅम्प्री जन्माच्या नदीत परत जात नाही. ज्या नदीत पिल्लांचा वास येतो, तिथे तो चढतो. पिल्लं जगताहेत म्हणजे जागा चांगली. नर आपला वेगळा गंध सोडून मादीला बोलावतो. तो गंध मिशिगन स्टेट विद्यापीठात वेइमिंग ली यांच्या गटानं ओळखून काढला, तो प्रयोगशाळेत तयार झाला आणि सापळ्यात ठेवून नद्यांनद्यांत तपासला गेला. सापळ्यातली आवक वाढली, पण माफक. ज्यांना चमत्कार हवा होता ते निराश झाले. मला त्यात निराश होण्यासारखं काही वाटलं नाही. उलट बाजूनं, मेलेल्या लॅम्प्रीच्या वासानं जिवंत लॅम्प्री पळतात, हेही आता माहीत झालं आहे. एका काठाला भीतीचा वास, दुसऱ्या काठाला सापळा, अशी जोडी लावून पाहण्याचे प्रयोग चालू आहेत. तिसरीकडे खुंट्या बसवलेल्या उताराच्या फरशा. लॅम्प्री त्या खुंट्यांमधून वळवळत वर सरकतो, खवल्यांच्या माशांना ते जमत नाही. पलीकडे पिंजरा.

एक कडू गोष्ट मला लपवायची नाही. सापळ्यानं अर्धे लॅम्प्री धरले तरी पुढच्या पिढीत अर्धी पिल्लं कमी होतील असं नाही. एक मादी साठ हजार ते लाखभर अंडी घालते. उरलेल्या माद्यांना जागा जास्त मिळते, त्यांची जास्त पिल्लं जगतात आणि तूट भरून निघते. म्हणून सापळा औषधाची जागा लगेच घेईल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण योग्य ओढ्यांत, औषधाच्या जोडीनं, वर्षानुवर्षं लावलेले चांगले सापळे औषधाचा फेरा लांबवू शकतील, हे शक्य आहे आणि ते तपासून पाहण्याच्या मोलाचं आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता जीवदयेविषयी. दादांनी झाकण उचललं ते दयेपोटी. वहिनी म्हणाल्या, "शेवटी जीवच ना तो." हो, जीवच. मी रोज हातात धरते. हातमोज्याला तो तोंड चिकटवतो आणि ओढून काढला की पुच्च असा आवाज येतो. नदीत चढलेला लॅम्प्री खाणंपिणं सोडून बसलेला असतो, डोळे अंधारत आलेले, अंगातली सगळी शक्ती अंड्यांसाठी. अंडी घातली की तो मरतोच. नर-मादी तोंडानं दगड उचलून उचलून घरटं करतात, ते मी तासन्‌तास पाहिलं आहे. तो प्राणी दुष्ट नाही. पोर्तुगाल-स्पेनमध्ये हाच लॅम्प्री मानानं खातात, तिथल्या नद्यांत तो कमी झाला म्हणून लोक हळहळतात. ग्लॉस्टर शहराला राणीच्या २०१२ च्या हीरक महोत्सवासाठी परंपरेप्रमाणे लॅम्प्रीचं सारण भरलेली भाजलेली पेस्ट्री (इंग्रजीत 'पाय') पाठवायची होती, तर ब्रिटनमध्ये तो संरक्षित असल्यानं लॅम्प्री आपल्या या सरोवरांतून गेले. त्याच्या मूळच्या घरी त्याला जपायला हवं आणि इथे, माणसानं दार उघडून आत घेतलं म्हणून, रोखायलाही माणसानंच हवं. कुशीला नाण्याएवढं भोक पडलेला, पांढरा पडत चाललेला ट्राउट मी काठावर धडपडताना पाहिला आहे. दया करायची तर ती दोघांचीही करावी लागते आणि मग झाकण बंद ठेवावं लागतं.

मंडळी, माझं मागणं मोठं नाही. नदीत पिंजरा, तारा, पिवळा फलक दिसला तर लांबून पाहा, मुलांना दाखवा, हात लावू नका. कोणी हंगामी कर्मचारी दिसला तर खुशाल प्रश्न विचारा, आम्हांला सांगायला आवडतं. गळाला लागलेल्या माशाच्या अंगावर गोल जखम दिसली किंवा एखादी खूण सापडली तर फोटो काढून राज्याच्या मत्स्य खात्याला कळवा. आमिषाचे उरलेले जिवंत मासे नदीत ओतू नका, नवीन पाहुणा असाच येतो.

दुसरं मागणं मतदारांना आहे. महामारीमुळे २०२० मध्ये औषधाच्या बहुतेक फेऱ्या चुकल्या, २०२१ मध्येही काही राहून गेल्या आणि पुढच्या काही वर्षांत लॅम्प्री सगळीकडे वाढलेले दिसले. दोन हंगामांची ढिलाई, एवढीच. लॅम्प्रीचं पिल्लू नदीच्या गाळात तीन-चार वर्षं, कधी त्याहून जास्त, दडून राहतं, त्यामुळे आजची चूक चार वर्षांनी दिसते. निधीला कात्री लावणाऱ्याला त्याचे परिणाम स्वतःच्या कारकिर्दीत दिसतही नाहीत. आपल्या काँग्रेस प्रतिनिधीला, पलीकडे आपल्या खासदाराला, एक पत्र लिहा. औषधासाठी लिहाच, पण चाचण्यांसाठीही लिहा असं मुद्दाम सांगते. कारण कपात आली की पहिली चाचणीच जाते, तिच्यामुळे आज कुठला मासा वाचला हे दाखवता येत नाही.

आणि डेट्रॉइटच्या गाड्यांच्या कंपन्यांत कॅमेरे, सेन्सर, चित्र ओळखणाऱ्या प्रणाली यांवर काम करणाऱ्या आपल्या असंख्य मुलामुलींना तिसरं. ट्रॅव्हर्स सिटीला बोर्डमन नदीवर जुन्या युनियन स्ट्रीट धरणाच्या जागी फिशपास नावाचं केंद्र बांधलं जात आहे. आपले मासे वर सोडायचे, लॅम्प्री खाली अडवायचा, हे माणसाचा हात न लावता जमतं का, ते तिथे वर्षानुवर्षं तपासलं जाणार आहे. रस्त्यावरचा माणूस आणि सायकल यांतला फरक गाडीला शिकवणाऱ्यांना गढूळ पाण्यातला सकर आणि लॅम्प्री ओळखायला लावणं जमणार नाही का? एखादा शनिवार काढून तिथे जा, बोला, विचारा.

त्या दिवशीच्या दादा-वहिनींपर्यंत हे पत्र पोचलं तर त्यांना एक निरोप. तुमच्यावर राग नाही. पुढच्या मे महिन्यात लेकीला घेऊन या. पाणी बारा-तेरा अंशांवर गेलं की रात्री नऊनंतर ते चढू लागतात. गमबूट आणा, डोक्याला लावायचा लाल उजेडाचा दिवा माझ्याकडे आहे. पिंजरा उपसताना ती आकडे वहीत लिहील आणि चहा या वेळी माझ्याकडून.

आपली,
उत्तर मिशिगनमधली, चिपळूणची एक लेक